‘सिग्नल नाही’ : दोष आकाशाचा की व्यवस्थेचा?

पावसाळ्याच्या पहिल्या जोरदार सरीबरोबर शहरांतील असंख्य घरांत एकच दृश्य दिसते. मालिका ऐन रंगात आलेली असते किंवा सामन्याचे अखेरचे षटक सुरू असते. चित्राचे आधी चौकोनी तुकडे होतात, मग ते गोठते आणि अखेर पडद्यावर ‘सिग्नल उपलब्ध नाही’ अशी पाटी झळकते. घरातील एक जण सेट टॉप बॉक्स बंद करून पुन्हा सुरू करतो, दुसरा मागची वायर हलवून पाहतो, तिसरा ग्राहक सेवा केंद्राला फोन लावतो. तिकडचा ध्वनिमुद्रित आवाजही बॉक्स बंद करून पुन्हा सुरू करण्याचाच सल्ला देतो. दोन दिवसांनी तंत्रज्ञ येतो, गच्चीवर जाऊन पाच मिनिटांत खाली उतरतो, भेटीचे शुल्क घेतो आणि निघून जातो. नेमके काय बिघडले होते, हे घरात कोणालाच कळलेले नसते.

वरवर पाहता हा किरकोळ त्रासाचा विषय आहे. तथापि भारतातील कोट्यवधी घरांत बातमी, हवामानाचा इशारा आणि करमणूक आजही छतावरच्या ताटलीतूनच पोहोचते. त्या ताटलीपासून पडद्यापर्यंतच्या साखळीतील कोणती कडी निखळली, हे ओळखण्याचे साधे ज्ञान एकेकाळी घराघरांत होते. तंत्र प्रगत झाले, चित्र अधिक स्वच्छ झाले. पण हे ज्ञान मात्र प्रेक्षकाच्या हातून निसटले. त्याची किंमत कोण मोजतो, हा या विषयातील खरा प्रश्न आहे.

मुंग्या, सावल्या आणि गच्चीवरची हाक

मुंबई दूरदर्शन केंद्राचे प्रक्षेपण २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले. पुढील वर्षी सिंहगडावरील प्रक्षेपकामुळे ते पुण्यातही दिसू लागले. त्यानंतरची दोन दशके चाळींच्या कौलांवर आणि इमारतींच्या गच्च्यांवर ॲल्युमिनियमच्या दांड्यांच्या अँटेनांचे रान माजले होते. वाऱ्याने अँटेना फिरली किंवा कावळा बसून दांडी वाकली की घरातील एक जण वर चढे, दुसरा खिडकीत उभा राही आणि ‘आलं का?’, ‘थोडं डावीकडे’, ‘बस, आता हलवू नकोस’ असा संवाद सर्व मजल्यांना ऐकू जाई.

या प्रकारात हसण्यासारखे बरेच असले तरी त्यामागे एक पक्के तांत्रिक सत्य होते. ॲनालॉग प्रक्षेपणात चित्रच आपला आजार बोलून दाखवीत असे. पडद्यावर मुंग्या दिसल्या तर संकेत क्षीण आहे. अँटेनाची दिशा चुकली आहे किंवा पट्टीसारखी वायर तुटली आहे. प्रत्येक पात्रामागे त्याची फिकट सावली दिसू लागली तर एकच लहर दोन वाटांनी येत आहे. एक थेट मनोऱ्यावरून आणि दुसरी समोरच्या उंच इमारतीवर आपटून किंचित उशिराने. आडव्या ठिपक्यांच्या रेषा आल्या तर शेजारचे मिक्सर किंवा खालून जाणारी स्कूटर ठिणग्या उडवीत आहे. आवाज स्पष्ट पण चित्र पुसट असेल तर अँटेना थोडीशीच सरकली आहे. बिघाड हळूहळू वाढत असल्याने तो ओळखायला आणि दुरुस्त करायला वेळही मिळे.

डिजिटल प्रक्षेपणाने ही भाषाच नाहीशी केली. डिजिटल संकेतात चुका दुरुस्त करणारी सांकेतिक माहिती जोडलेली असते. संकेत कमकुवत होत गेला तरी ठरावीक मर्यादेपर्यंत चित्र निर्दोष दिसत राहते; आणि ती मर्यादा ओलांडली की कड्यावरून कोसळावे तसे ते एकदम नाहीसे होते. प्रेक्षकाला फक्त ‘आहे’ किंवा ‘नाही’ एवढेच दिसते. दोष महिनोन्महिने साचत असतो, पण त्याची चाहूल लागत नाही. पावसाची एखादी सर केवळ शेवटचा धक्का देते आणि सारा दोष तिच्या माथी बसतो.

जमिनीवरून आकाशाकडे

भारताने उपग्रहावरून थेट दूरचित्रवाणीचा प्रयोग फार लवकर केला. १ ऑगस्ट १९७५ पासून वर्षभर चाललेल्या ‘साइट’ प्रकल्पात अमेरिकेच्या एटीएस-६ या उपग्रहाच्या साह्याने सहा राज्यांतील सुमारे २,४०० गावांत जाळीच्या मोठ्या ताटल्या बसवून कार्यक्रम दाखविण्यात आले. मात्र घरगुती थेट प्रक्षेपणाला परवानगी मिळण्यास पुढे पाव शतक गेले. १९९७ मध्ये केंद्र सरकारने अशा सेवेला मनाई केली. २००० च्या अखेरीस ती उठली आणि मार्च २००१ मध्ये मार्गदर्शक तत्त्वे जाहीर झाली. २००३ मध्ये पहिली खासगी डीटीएच सेवा सुरू झाली. डिसेंबर २००४ मध्ये प्रसार भारतीची मासिक शुल्क नसलेली ‘डीडी डायरेक्ट प्लस’ सेवा आली. तीच आजची ‘डीडी फ्री डिश’ होय.

दरम्यान जमिनीवरील ॲनालॉग प्रक्षेपण आटत गेले. केबलचे डिजिटलीकरण २०१२ मध्ये चार महानगरांपासून सुरू होऊन मार्च २०१७ पर्यंत टप्प्याटप्प्याने पूर्ण करण्यात आले. प्रसार भारतीने ऑक्टोबर २०२१ मध्ये जाहीर केले की, सामरिकदृष्ट्या महत्त्वाच्या सुमारे ५० ठिकाणांचे प्रक्षेपक वगळता उरलेले सर्व ॲनालॉग प्रक्षेपक मार्च २०२२ पर्यंत बंद होतील. मुंबई आणि औरंगाबाद, म्हणजे आजचे छत्रपती संभाजीनगर, यांसह मोजक्या शहरांत २०१६ पासून जमिनीवरून डिजिटल प्रक्षेपण सुरू करण्यात आले. पण त्यासाठी योग्य ट्यूनर असलेले संच सामान्य घरांत फारसे पोहोचलेच नाहीत. परिणामी गच्चीवरची अँटेना निरुपयोगी ठरली आणि विनामूल्य सरकारी वाहिनी पाहण्यासाठीही आकाशाकडे तोंड केलेली ताटली आवश्यक झाली.

येथे एका निकालाचे स्मरण अस्थानी ठरणार नाही. क्रिकेट असोसिएशन ऑफ बंगालच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी १९९५ मध्ये प्रक्षेपणाच्या रेडिओलहरी ही सार्वजनिक मालमत्ता असल्याचे स्पष्ट केले होते. मालमत्ता जनतेची असेल, तर तिचा लाभ घेण्याचे साधन जनतेला समजेल आणि परवडेल असे असावे, ही अपेक्षा त्या तत्त्वातूनच येते.

पाऊस नेमके काय करतो?

दूरचित्रवाणीचे उपग्रह विषुववृत्ताच्या वर सुमारे ३५,७८६ किलोमीटर उंचीवर पृथ्वीच्या गतीने फिरतात, म्हणून जमिनीवरून ते स्थिर भासतात. घरगुती ताटलीसाठी ‘केयू’ पट्ट्यातील लहरी वापरल्या जातात. त्यांची वारंवारता साधारण ११ ते १२ गिगाहर्ट्झ, म्हणजे लहरीची लांबी अवघी अडीच सेंटिमीटर. लांबी इतकी कमी असल्यामुळेच ६० सेंटिमीटरची छोटी ताटली पुरते. पण हाच गुण पावसात दोष ठरतो. पावसाचे टपोरे थेंब या आखूड लहरींना शोषतात आणि विखुरतात. केबलचालकांच्या मोठ्या ताटल्या ज्या ‘सी’ पट्ट्यावर चालतात, त्याच्या लहरी साधारण तिप्पट लांब असल्याने त्यांना पावसाचा उपद्रव फार कमी होतो. त्यामुळेच मुसळधार पावसात शेजारची केबल चालू आणि घरची ताटली बंद, हा अनुभव येतो.

पावसामुळे होणारी ही तूट निसर्गनियमानुसारच होते. ती कोणी तंत्रज्ञ दुरुस्त करू शकत नाही. मात्र तिच्यासाठी राखीव ठेवता येते. ताटली अचूक दिशेला रोखलेली असेल आणि जोडण्या कोरड्या असतील, तर मध्यम पावसातही चित्र टिकते. ताटलीचा व्यास ६० वरून ९० सेंटिमीटर केला की तिचे क्षेत्रफळ सव्वादोनपट होते आणि तेवढाच अधिक संकेत गोळा होतो. कोकण किंवा घाटमाथ्यासारख्या अतिवृष्टीच्या भागात मोठी ताटली म्हणूनच शहाणपणाची ठरते.

यातून एक साधी कसोटी मिळते. काळे ढग दाटल्यावर चित्र जाते आणि सर ओसरल्यावर दहा-पंधरा मिनिटांत आपोआप परतते, तर त्यात बिघाड काहीही नाही; तक्रार नोंदविणे म्हणजे वेळ आणि पैसा दोन्ही वाया घालविणे होय. पण रिमझिम पावसातही चित्र तुटत असेल, तर ताटली अंशभर सरकलेली असण्याचा संभव मोठा. आणि पाऊस थांबून लख्ख ऊन पडल्यावरही चित्र येत नसेल, तर पाणी बहुधा जोडणीत शिरलेले आहे. या तीन परिस्थितींची कारणे वेगळी आणि उपायही वेगळे आहेत. ग्राहक सेवेच्या ठरावीक संवादात मात्र त्या तिन्हींसाठी एकच उत्तर असते.

दोन आकडे आणि त्यांचा अर्थ

प्रत्येक सेट टॉप बॉक्सच्या सेटिंगमध्ये संकेताची दोन मापे दिसतात. एक ‘तीव्रता’ आणि दुसरी ‘गुणवत्ता’. बहुसंख्य ग्राहकांनी हे पान कधी उघडलेलेच नसते आणि ज्यांनी उघडले त्यांना दोहोंतील फरक कोणी सांगितलेला नसतो. तीव्रता म्हणजे वायरीतून बॉक्सपर्यंत किती ऊर्जा पोहोचते. गुणवत्ता म्हणजे त्या ऊर्जेतून किती शुद्ध माहिती हाती लागते. ताटलीच्या पुढील दांडीवरील ‘एलएनबी’ हा छोटा भाग लहरी पकडून त्यांचे वर्धन करतो. तो चालू असला की ताटली भलत्याच दिशेला असतानाही तीव्रतेचा आकडा बऱ्यापैकी दिसू शकतो. तीव्रता भरपूर पण गुणवत्ता शून्य, याचा अर्थ ताटलीची दिशा चुकली किंवा तिच्यासमोर अडथळा आला. तीव्रताच शून्य असेल, तर वायर तुटली, जोडणी निसटली किंवा एलएनबी निकामी झाला.

‘कोणत्या वाहिन्या गेल्या?’ या प्रश्नाचे उत्तरही तितकेच बोलके असते. सर्व वाहिन्या गेल्या तर दोष ताटली, एलएनबी किंवा वायरीत शोधावा. निम्म्याच गेल्या असतील तर कारण निराळे असते. उपग्रह उभ्या आणि आडव्या अशा दोन ध्रुवीकरणांत लहरी पाठवितो. त्यांपैकी कोणती निवडायची, हे बॉक्स एलएनबीला १३ किंवा १८ व्होल्टचा दाब पाठवून सांगतो. वायर हलक्या प्रतीची, फार लांब किंवा गंजलेली असेल तर १८ व्होल्ट वरपर्यंत पोहोचता पोहोचता घटतात आणि एका ध्रुवीकरणावरील सर्व वाहिन्या अदृश्य होतात. अशा वेळी ताटली हलविणे हा निव्वळ उपद्व्याप ठरतो. बदलायला हवी ती वायर. केवळ सशुल्क वाहिन्या बंद असतील आणि विनामूल्य वाहिन्या नीट दिसत असतील, तर प्रश्न वर्गणीचा किंवा कार्डाचा आहे, गच्चीचा नव्हे. फ्री डिशवर एखादीच वाहिनी गायब झाली, तर बहुधा तिची जागा बदललेली असते किंवा ती तेथून गेलेली असते. या सेवेतील जागांचा ई-लिलाव होतो आणि त्यानंतर वाहिन्यांची रचना बदलते. अशा वेळी वाहिन्यांचा पुन्हा शोध घेणे एवढाच उपाय असतो.

गच्चीवरील दोषांत सर्वाधिक आढळणारा आणि सर्वांत स्वस्तात सुधारणारा दोष म्हणजे जोडणीत शिरलेले पाणी. एलएनबीला जोडलेला स्क्रूचा कनेक्टर उघडा राहिला की पावसाचे पाणी वायरीच्या आतल्या जाळीत झिरपते आणि समुद्राकाठच्या खाऱ्या हवेत तांबे काही महिन्यांत हिरवे पडते. कनेक्टरवर जलरोधक टेप गुंडाळणे, वायर खिडकीतून आत घेण्याआधी तिला खाली झुकलेला वळसा देणे, म्हणजे पाणी वळशाच्या तळाशी येऊन गळून पडेल, आणि ताटलीचा खांब भिंतीत घट्ट बसविणे या तीन गोष्टी जोडणीच्या दिवशीच केल्या, तर पावसाळ्यातील पुष्कळ तक्रारी उद्भवणारच नाहीत.

अर्थात, ज्ञान असणे आणि धाडस करणे यांत फरक आहे. कनेक्टर काढण्यापूर्वी बॉक्सचा वीजपुरवठा बंद करणे आवश्यक असते, अन्यथा वायरीतील दाबामुळे बॉक्स जळू शकतो. ओल्या पत्र्यावर किंवा कठडा नसलेल्या गच्चीवर चढणे, वीज कडाडत असताना लोखंडी खांबाला हात लावणे, विजेच्या तारांजवळ खांब उभा करणे हे सर्व प्राणावर बेतणारे आहे. अशी कामे तंत्रज्ञाचीच. पण तंत्रज्ञाला कशासाठी बोलावले आहे, हे ग्राहकाला ठाऊक असणे हा त्याचा हक्क आहे.

दोष जेव्हा अंतराळात असतो

काही वेळा घरातील सारे काही ठीक असते आणि तरीही चित्र जाते. वर्षातून दोनदा, मार्चच्या पूर्वार्धात आणि सप्टेंबर-ऑक्टोबरच्या संधिकाळात, सूर्य काही दिवस नेमका उपग्रहाच्या पाठीमागे येतो. सूर्य स्वतःच लहरींचा प्रचंड स्रोत असल्याने त्या गोंगाटात उपग्रहाचा क्षीण आवाज बुडून जातो. हा प्रकार रोज ठरलेल्या वेळी काही मिनिटेच टिकतो आणि त्याचे वेळापत्रक आधीच अचूक वर्तविता येते. ते ग्राहकांना ठळकपणे कळविले, तर त्या दिवसांतील तक्रारींचा ओघ सहज कमी होईल.

प्रत्यक्ष उपग्रहातील बिघाड क्वचितच होतो, पण झाला तर त्याचे परिणाम मोठे असतात. जुलै २०१० मध्ये इन्सॅट-४बी या उपग्रहाच्या वीजपुरवठ्यात दोष निर्माण होऊन त्याचे निम्मे ट्रान्सपाँडर बंद करावे लागले आणि त्यावर विसंबून असलेल्या डीटीएच सेवेच्या ग्राहकांना मोठा फटका बसला. त्याआधी १० जुलै २००६ रोजी इन्सॅट-४सी हा उपग्रह घेऊन निघालेले जीएसएलव्ही यान उड्डाणानंतर लगेचच कोसळले आणि नियोजित क्षमता लांबणीवर पडली. अशा वेळी घरोघरीचा ग्राहक मात्र आपलीच ताटली हलवून पाहत असतो. एकदा हलविलेली ताटली उपग्रह पूर्ववत झाल्यावरही जुळत नाही आणि अंतराळातल्या दोषात घरच्या दोषाची भर पडते.

केबलचे ग्राहकही आकाशातील या घडामोडींपासून मुक्त नाहीत. १ ऑक्टोबर २०२२ रोजी देशात सुरू झालेल्या ‘फाइव्ह-जी’ सेवेसाठी ३,३०० ते ३,६७० मेगाहर्ट्झचा पट्टा देण्यात आला आहे. केबलचालकांच्या मोठ्या ताटल्या त्याला लागूनच असलेल्या ‘सी’ पट्ट्यावर वाहिन्या घेतात. उपग्रहाचा संकेत अत्यंत मंद आणि शेजारच्या मोबाइल मनोऱ्याचा प्रबळ, अशी ही विषम स्पर्धा आहे. ताटलीवर योग्य गाळणी बसविली नाही तर केबलच्या चित्रातही खंड पडतो.

इमारतींच्या दाटीत दिशा शोधताना

शहरांतील सर्वांत गुंतागुंतीचा प्रश्न मात्र भूमितीचा आणि सहजीवनाचा आहे. मुंबईहून पाहता ९३.५ अंश पूर्व रेखांशावरील जीसॅट-१५, ज्यावर फ्री डिशच्या वाहिन्या आहेत, आग्नेयेला क्षितिजापासून सुमारे ५८ अंश उंचीवर असतो. टाटा प्लेचे उपग्रह ८३ अंशांवर, म्हणजे आग्नेय आणि दक्षिण यांच्या मध्ये सुमारे ६५ अंश उंचीवर आहेत. यावरून एक व्यवहारोपयोगी हिशेब निघतो. फ्री डिशच्या ताटलीपासून आग्नेयेला दहा मीटरवर एखादी भिंत किंवा झाड असेल, तर ते ताटलीपेक्षा साधारण १६ मीटर उंच झाल्यावरच आड येते. याउलट केवळ वायव्येला उघडणाऱ्या सदनिकेला, खिडकीत कितीही महागडी ताटली लावली तरी, संकेत मिळणे अशक्य असते. घरगुती ताटल्यांचा एलएनबी मध्यापासून किंचित खाली असतो. त्यामुळे ताटली जवळजवळ उभी दिसत असली तरी ती प्रत्यक्षात बरीच वर पाहत असते. समोर काहीच नाही असे वाटताना वरच्या मजल्याचा सज्जा आड येतो, तो यामुळेच.

पुनर्विकासाने शहरांचा आकाशपट झपाट्याने बदलत आहे. काल उघडी असलेली आग्नेय दिशा आज नव्या मनोऱ्याने झाकली जाते आणि कोणतीही वस्तू न बिघडता चित्र कायमचे जाते. अशा वेळी ताटली गच्चीवर हलविणे हा एकमेव मार्ग उरतो आणि तेथे गाठ पडते ती गृहनिर्माण संस्थेशी. गळतीची भीती, इमारतीच्या सौंदर्याची चिंता, लोंबकळणाऱ्या वायरी ही संस्थांची बाजू चुकीची म्हणता येत नाही. पण वरच्या मजल्यावरच्यांना परवानगी आणि भाडेकरूला नकार, असा न्याय अनेक ठिकाणी चालतो. अमेरिकेत दूरसंचार आयोगाने १९९६ मध्ये नियम करून, रहिवाशाच्या स्वतःच्या ताब्यातील जागेत एक मीटरपर्यंतची ताटली बसविण्यावर गृहसंस्थांना अवास्तव निर्बंध घालण्यास मनाई केली. आपल्याकडे हा प्रश्न बव्हंशी सर्वसाधारण सभेच्या मर्जीवर सोडलेला आहे. वास्तविक, एका ताटलीचा संकेत विभाजकाच्या साह्याने संपूर्ण इमारतीला पुरविता येतो. नव्या इमारतींत पाणी आणि विजेप्रमाणे त्याची नळी आधीच ठेवली, तर गच्चीवरील गर्दी आणि भांडणे दोन्ही टळतील.

भार कोणाच्या खांद्यावर?

या सर्वांचा आर्थिक पैलूही ध्यानात घ्यायला हवा. डीटीएचच्या परवान्यात सेट टॉप बॉक्स कोणत्याही कंपनीच्या सेवेला चालावा, अशी अपेक्षा आरंभापासून होती. व्यवहारात मात्र कंपनी बदलली की बॉक्स अडगळीत जातो. दूरसंचार नियामक प्राधिकरणाने, म्हणजे ‘ट्राय’ने, एप्रिल २०२० मध्ये ही अदलाबदल शक्य करण्याची शिफारस केली. पण सेवा असमाधानकारक असूनही नव्या बॉक्सच्या खर्चामुळे ग्राहक जुन्याच कंपनीला चिकटून राहतो, हे चित्र काही बदलले नाही. जो बदलू शकतो तो इंटरनेटवरील मनोरंजनाकडे वळतो. ट्रायच्या आकडेवारीनुसार २०२० साली सुमारे सात कोटी असलेले डीटीएचचे सक्रिय ग्राहक मार्च २०२४ पर्यंत सहा कोटी वीस लाखांच्या आसपास आले. जाणारा ग्राहक प्रामुख्याने शहरी आणि सुस्थितीतील असणार, हे उघड आहे. मागे राहतो तो वेगवान इंटरनेट न परवडणारा किंवा वयोमानाने नव्या साधनांशी न जुळणारा प्रेक्षक, म्हणजेच दोष ओळखण्यात ज्याला सर्वाधिक मदत हवी तोच.

फ्री डिशच्या प्रेक्षकाची स्थिती आणखी वेगळी आहे. उद्योगक्षेत्राच्या अंदाजानुसार ही सेवा चार कोटींहून अधिक घरांत पोहोचली आहे. मासिक शुल्क नाही ही तिची मोठी देणगी; पण शुल्क नाही म्हणून करार नाही आणि करार नाही म्हणून दारात येणारा कंपनीचा तंत्रज्ञही नाही. ताटली बाजारातून आणायची, नाक्यावरच्या डिशवाल्याकडून बसवून घ्यायची आणि बिघडली की पुन्हा त्यालाच शोधायचे. या डिशवाल्यांत अनुभवाने अत्यंत कुशल झालेले कारागीर आहेत, तसेच प्रत्येक वेळी ‘एलएनबी गेला’ म्हणून नवा गळ्यात मारणारेही आहेत. ग्राहकाला पारख करण्याचे साधन नाही.

यातील सर्वांत गंभीर बाब आपत्तीच्या काळातील आहे. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ येथे चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस कोसळला, तेव्हा अधिकृत माहिती वेळेवर मिळण्याचे मोल शहराला उमगले. धुवाधार पावसात केयू पट्ट्यावरील ताटली निसर्गनियमानेच आंधळी होते, म्हणजे माहितीची गरज जेव्हा सर्वाधिक तेव्हाच हे साधन हात वर करते. जमिनीवरील मनोऱ्यांचे प्रक्षेपण या दोषापासून जवळपास मुक्त होते. खर्चिक आणि कालबाह्य म्हणून ते बंद करणे समर्थनीय असेल. परंतु त्याची जागा कोण घेणार, याचे उत्तर आधी तयार असायला हवे होते. जमिनीवरून थेट मोबाइलवर प्रक्षेपणाच्या चाचण्या प्रसार भारतीने आयआयटी कानपूरच्या सहकार्याने हाती घेतल्या आहेत. त्या प्रत्यक्षात उतरेपर्यंत बॅटरीवर चालणारा आकाशवाणीचा रेडिओ संच कपाटात असणे, हाच घरगुती पातळीवरचा खात्रीचा पर्याय होय.

उपाय अवघड नाहीत

परिस्थिती सुधारण्यासाठी फार मोठ्या खर्चाची आवश्यकता नाही. बॉक्सला तीव्रता, गुणवत्ता आणि कोणते ध्रुवीकरण मिळत नाही, हे सर्व आधीच ठाऊक असते. पडद्यावर गूढ क्रमांक दाखविण्याऐवजी ‘वायर किंवा जोडणी तपासावी’, ‘ताटलीची दिशा सरकली आहे’, ‘वर्गणी संपली आहे’ असे स्पष्ट मराठीत सांगणे कंपन्यांना सहज शक्य आहे. उपग्रहाच्या बाजूने खंड पडला असेल, तर त्याची सूचना तत्काळ मोबाइलवर द्यावी आणि सूर्यामुळे येणाऱ्या व्यत्ययाचे वेळापत्रक आधी जाहीर करावे, असे बंधन नियामकाला घालता येईल. भेटीचे शुल्क घेणाऱ्या तंत्रज्ञाने दुरुस्तीपूर्वीचे व नंतरचे दोन्ही आकडे पावतीवर लिहून द्यावेत, एवढ्या एका अटीनेही व्यवहारात बरीच पारदर्शकता येईल. उपग्रह ट्यूनर अंतर्भूत असलेल्या दूरचित्रवाणी संचांसाठी भारतीय मानक ब्युरोने मानक प्रसिद्ध केले आहे. असे संच सर्रास मिळू लागले तर विनामूल्य वाहिन्यांसाठी वेगळ्या बॉक्सची गरज उरणार नाही आणि साखळीतील एक कडी कमी होईल. गृहनिर्माण संस्थांसाठी ताटल्यांबाबत एक आदर्श नियमावली करणे तर राज्य शासनाच्याच हातात आहे.

गच्चीवरून ‘आलं का?’ असे विचारणाऱ्याला त्या काळी खिडकीतून लगेच उत्तर मिळे; चित्र कोणत्या बाजूला वळल्यावर सुधारते, हे दोघांनाही कळे. आज चित्र कितीतरी सुस्पष्ट आहे, वाहिन्या शेकड्यांनी आहेत, पण प्रश्न विचारणाऱ्याला उत्तर देणारे कोणी नाही. ते उत्तर देण्याची जबाबदारी सेवा विकणाऱ्यांवर, परवाने देणाऱ्यांवर आणि सार्वजनिक प्रसारकावर आहे. ती पार पाडली गेली, तर ‘सिग्नल नाही’ या पाटीखाली निदान ‘का नाही’ हेही लिहिलेले दिसेल.